बत्तीस बोअरचा संसार

सराफी पेढीचा मालक या नात्याने माझ्या हाताखालून जाणारा सगळा माल बारीक, वजनाला कमी आणि किमतीला जास्त असतो, त्यामुळे ०.३२ बोअरचे, म्हणजे इंचाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढ्या नळीचे, लहानसे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल माझ्या नावावर आले, तेव्हा ते आमच्या मालात शोभून दिसेल अशीच सर्वांची समजूत झाली. सरकारी आयुध निर्माणीत घडलेले हे शस्त्र विकताना दुकानदाराने ‘एकदम कॉम्पॅक्ट आहे, शेठ’ हे वाक्य मोठ्या भक्तिभावाने उच्चारले होते. पिस्तूल कॉम्पॅक्ट आहे, यात शंका नाही. मात्र त्याचे कागद, त्याची तिजोरी, त्याचे तेल, त्याची चिंधी, त्याच्यापायी होणाऱ्या पोलीस ठाण्याच्या फेऱ्या आणि त्याच्याविषयी आमच्या नातेवाइकांना वाटणारे कुतूहल, यांपैकी काहीही कॉम्पॅक्ट नाही.

बत्तीसच का घेतले, असे मला लग्नसमारंभात हमखास विचारले जाते. चित्रपट पाहून तयार झालेल्या जाणकारांना नऊ एमएमपेक्षा कमी काही बाळगणे हे पुरुषार्थाला उणेपणा आणणारे वाटते. ९ एमएम ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे; ती लष्कराची आणि पोलिसांची, सामान्य परवानाधारकाने तिचे नावही काढायचे नसते. परदेशी शस्त्र मागवण्याची वाट सामान्य नागरिकाला १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे कोणाच्या आजोबांचे जर्मन किंवा बेल्जियन पिस्तूल विक्रीला निघालेच, तर त्याची किंमत ऐकून, रोज दहा ग्रॅमचा भाव सांगून इतरांचे चेहरे पाडणाऱ्या माझ्यासारख्याचाही चेहरा पडतो. उरते ते देशी बत्तीस. मी ते घेतले, तेव्हा त्यावर २८ टक्के जीएसटी होता. सोन्यावर ३ टक्के आणि सोने राखण्याच्या साधनावर २८ टक्के, हे गणित मी आमच्या चार्टर्ड अकाउंटंटना पुन्हा पुन्हा समजावून सांगायला लावले आणि त्यांनीही ते दर वेळी तितक्याच निर्विकार चेहऱ्याने सांगितले. सप्टेंबर २०२५ पासून तर पिस्तूल ४० टक्क्यांच्या गटात, फसफसणाऱ्या गोड शीतपेयांच्या पंगतीला जाऊन बसले आहे.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. माझ्या पिस्तुलात जाणाऱ्या बत्तीस बोअरच्या काडतुसाचा जनक जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी बेल्जियममधील एफएन या कारखान्याच्या पिस्तुलासाठी त्याने ते तयार केले. नेहमीच्या काडतुसातील गोळीचे वजन सुमारे ४.६ ग्रॅम असते, आणि सराफाच्या घरात काटा असताना ते पडताळून पाहिले गेले नसेल असे कोणी समजू नये. ब्राउनिंगच्याच १९१० च्या नमुन्याच्या, अशाच लहान चणीच्या पिस्तुलातून २८ जून १९१४ रोजी साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराज दांपत्यावर दोन गोळ्या सुटल्या आणि पहिले महायुद्ध पेटले. माझ्या पिस्तुलाने आजवर पुठ्ठ्याच्या लक्ष्याला आणि बहुतेक वेळा त्या पुठ्ठ्याच्या शेजारच्या मातीलाच इजा केलेली आहे.

त्याचे कारण माझ्या नेमापुरते मर्यादित नाही, ते या पिस्तुलाच्या रचनेतही आहे. यात नळी आणि स्लाइड, म्हणजे नळीवरून मागेपुढे सरकणारा पोलादी भाग, एकमेकींना अडकवणारी व्यवस्था नसते. गोळी पुढे सुटते तेव्हा मागे फेकल्या जाणाऱ्या स्लाइडला अडवण्याचे काम केवळ तिचे स्वतःचे वजन आणि एक स्प्रिंग यांनी करायचे असते. पिस्तूल लहान म्हणून स्लाइड हलकी, स्लाइड हलकी म्हणून स्प्रिंग ताठ, आणि स्प्रिंग ताठ म्हणून माझी पंचाईत! स्लाइड मागे ओढण्यासाठी तिच्या पाठीशी ज्या बारीक खाचा कोरलेल्या आहेत, त्या नथीतले मोती ओवणाऱ्या बोटांसाठी नसून पैलवानाच्या बोटांसाठी असाव्यात. मी दात आवळून, डावा खांदा वर उचलून ती ओढतो, तेव्हा समोर खरोखरच एखादा दरोडेखोर असता, तर त्याने मदतीचा हात पुढे केला असता. आमच्या शेजारी अपशिंग्याचे एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांनी माझा हा प्रयत्न एकदा शांतपणे पाहिला आणि म्हणाले, ‘‘शेठ, तुम्ही स्लाइड ओढू नका. स्लाइड धरून ठेवा आणि दुसऱ्या हातानं पिस्तूल पुढं ढकला.’’ या सल्ल्याने फरक पडला, हे मी मान्य करतो. तरी माझ्या चेहऱ्याच्या ठेवणीत काही सुधारणा झाली नाही.

मुठीविषयी बोलायचे, तर ती दोन बोटांसाठी बेतलेली आहे. करंगळीला तेथे जागाच नाही; ती बिचारी चहाचा कप नजाकतीने धरणाऱ्या पाहुण्याच्या करंगळीसारखी बाहेर तरंगत राहते. नळीवरची माशी, म्हणजे नेम धरण्याचा पुढचा उंचवटा, इतकी लहान आहे की, माझ्या डोळ्यांना चष्म्यातून लक्ष्य दिसते तेव्हा माशी दिसत नाही आणि चष्मा नाकावर खाली ओढून माशी पाहावी तर लक्ष्य पसार झालेले असते. शिवाय पिस्तूल जितके लहान तितका झटका सौम्य असेल, ही जी भाबडी कल्पना लोकांच्या मनात असते, ती पहिल्याच बाराला निघून जाते. सुटलेल्या बाराबरोबर स्लाइड मागे येते आणि मूठ जरा वर सरकलेली असली, तर अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्यात आपली खूण ठेवून परत जाते. ही खूण दुसऱ्या दिवशी पेढीवर गिऱ्हाइकांना अंगठ्या दाखवताना सर्वप्रथम दिसते.

काडतुसे खडकीची. १८६९ पासून चालत आलेल्या त्या दारूगोळा कारखान्याची ‘के एफ’ ही अक्षरे काडतुसाच्या बुडावर उमटवलेली असतात, आणि पुण्याशेजारची वस्तू आपल्या पिस्तुलात जाते याचे मला उगाच समाधान वाटते. मात्र या जातीच्या काडतुसाच्या बुडाला जरासा बाहेर आलेला काठ असतो. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठामागे गेला की दोन्ही जागच्या जागी अडकतात. मग ना वरचे पुढे जाते, ना खालचे वर येते, आणि घोडा ओढूनही पिस्तुलातून एका नम्र ‘टक्’खेरीज काही ऐकू येत नाही. काठ नेमका कोणाच्या पुढे आणि कोणाच्या मागे असावा, हे पाहत मॅगझिन भरण्यात माझा अंगठा इतका सोलवटतो की, प्रत्यक्ष सरावाची वेळ येईपर्यंत सरावाची हौस फिटलेली असते. ज्या महाराष्ट्रातल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्याच महाराष्ट्रात आपणही राहतो, हे मी रेंजवर कोणाच्या लक्षात येऊ देत नाही.

कमरेला बांधणे हा वेगळाच अध्याय आहे. परवान्याच्या नियमांप्रमाणे शस्त्र उघड मिरवायचे नसते, म्हणून ते शर्टाच्या आत, पट्ट्याला लावलेल्या चामडी कव्हरात राहते. भरलेल्या स्थितीत पाऊण किलोच्या आसपासचे हे वजन एकाच बाजूला लटकल्यामुळे पँट त्या बाजूने खाली उतरते आणि ती वर ओढण्यासाठी हात कमरेकडे गेला की, समोरचा माणूस मनातल्या मनात आपली पापे आठवू लागतो. मोटारीत बसले की मूठ बरगडीला टोचते. कुलदैवताच्या दर्शनाला गेलो, तर देवळाच्या दारातल्या तपासणीच्या कमानीने जो आक्रोश केला असता तो टाळण्यासाठी पिस्तूल घरीच ठेवावे लागते. आणि घरी ठेवले की देवासमोर हात जोडून उभे असताना तिजोरीची किल्ली नक्की कोठे ठेवली, एवढा एकच विचार मनात येत राहतो. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की पूर्वी मी परगावी गेल्यावर फोन करून मुलांची चौकशी करीत असे, हल्ली तिजोरीची करतो.

नातेवाइकांची हौस मात्र अमर्याद आहे. वरात वेशीपाशी आली, बँड तापला, की कोणी तरी मावसमेहुणा कानाशी लागतो, ‘‘दाजी, काढा की जरा. एकच, हवेत.’’ शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा आनंदाच्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, हे मी त्यांना बँडच्या आवाजावर आवाज काढून सांगतो. त्यावर मेहुण्यांचे उत्तर असे, की लाखाची तयारी मुलीकडच्यांची आहे. कैदेच्या तयारीविषयी कोणी पुढे येत नाही.

खंडेनवमीला शस्त्रपूजा होते, आणि आमच्या घरात विळी, अडकित्ता, कानस, हातोडी यांच्या पंक्तीत रिकामे केलेले पिस्तूल पाटावर बसते. मातोश्रींचे हात सढळ. त्यांनी वाहिलेली हळद, कुंकू आणि अक्षता स्लाइडच्या खाचांमधून थेट आत पोहोचतात. मग सुभेदारांना बोलवावे लागते. ते ज्याला ‘फुलत्रू’ म्हणतात, त्या दोरीला चिंधी अडकवून नळीतून ओढली की पांढरी चिंधी केशरी होऊन बाहेर येते आणि त्यामागोमाग एखादा तांदळाचा दाणाही घरंगळतो. सुभेदारांनी आयुष्यभर सीमेवर शस्त्रे साफ केली. अक्षता निघालेले त्यांच्या पाहण्यातले हे एकमेव शस्त्र.

२०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला झाला. चिंधीचा केशरी रंग पुरता निघाला नव्हता, तोच १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करण्याचा निरोप आला. त्याआधी त्याच वर्षी १६ मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता होती, ती जूनमध्ये निकाल लागेपर्यंत चालली. म्हणजे पिस्तूल जेमतेम सणासुदीपुरते माहेरी आले होते. कोणाचे शस्त्र जमा करायचे आणि कोणाला सवलत द्यायची, हे ठरवण्यासाठी छाननी समिती असते. पेढीच्या संरक्षणाचे कारण देऊन मी सवलतीचा अर्ज केला, आणि त्यावर निर्णय होईपर्यंत मतमोजणी संपली होती. ठाण्यातल्या हवालदारांनी माझ्या पिस्तुलाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, ते फडताळात ठेवले आणि पावती देताना सहज विचारले, ‘‘शेठ, आता पेढीचं कसं करणार?’’ या प्रश्नाचे उत्तर देण्यास आपण दोघेही सारखेच असमर्थ आहोत, हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यांनी लगेच चहा मागवला. २०२५ च्या अखेरीस नगरपालिकांच्या निवडणुका आल्या, तेव्हा त्यांनी मला पाहताच दोरा आणि चिठ्ठी स्वतःहून बाहेर काढली.

नियमांनी एक वाट ठेवली आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, की ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या चिरंजीवांपुढे मी हा विषय काढला. त्याने तिजोरी, फुलत्रू, छाननी समिती आणि पाच वर्षांनी येणारे नूतनीकरण हे सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि पेढीवर आणखी दोन कॅमेरे बसवण्याचा खर्च सांगितला. सूनबाई मात्र कोल्हापूरच्या, महाविद्यालयात एनसीसी केलेल्या. सुभेदार आणि मी समोर बसलेलो असताना त्यांनी मॅगझिन काढलेले पिस्तूल उचलले, नळी भिंतीकडे केली आणि स्लाइड एका झटक्यात पार मागे नेली. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा. सूनबाईंनी पिस्तूल टेबलावर ठेवले आणि विचारले, ‘‘बाबा, सत्तरीला अजून किती वर्षं आहेत?’’