सुझनी एकटीच्या हातची नसते

भरतकामाच्या एका सुंदर पडद्याच्या फोटोखाली सध्या हा मजकूर फिरतोय: 'ताजिक आणि किरगिझ भटक्या टोळ्यांतली मुलगी लहानपणापासून एकटीच बसून आपलं रुखवत भरते. प्रत्येक नक्षीत एक गुप्त संदेश असतो. सोव्हिएत राजवटीत ही कला संपली.' वाचायला गोड वाटतं. पण ज्या बायकांचं कौतुक करायचंय, त्यांचंच कसब हा मजकूर झाकून टाकतो, म्हणून हे लिहितेय.

आधी 'भटक्या टोळ्या'. फोटोतला पडदा म्हणजे सुझनी, आणि सुझनी ही स्थायिक घरांची वस्तू. आजच्या उझबेकिस्तानातली बुखारा, समरकंद, नुराता, तसंच ताजिकिस्तानातली खुजंद, इस्तरावशान ही तिची गावं. शेती, बागा आणि बाजारपेठांवर जगणारी. कळप घेऊन उन्हाळी कुरणांवर जाणारे ते किरगिझ. त्यांच्या तंबूत तुश कियिझ हा भरतकामाचा पडदा टांगतात. त्याची घडणच निराळी: वर आणि दोन्ही बाजूंना भरगच्च काठ, मधला भाग बहुतेकदा कोरा.

'एकटीच' हा शब्द मला सगळ्यात खटकला. सुझनीचं कापड हातमागावरच्या अरुंद पट्ट्यांचं. त्या पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडतात. मग गावातली जाणती बाई, जिला कलमकश म्हणतात, अख्ख्या कापडावर नक्षी रेखते. त्यानंतर टाके उसवून पट्ट्या आई, बहिणी, मावश्या, शेजारणी यांच्यात वाटल्या जातात आणि भरून झाल्या की पुन्हा जोडतात. जुनी सुझनी बघायला मिळाली तर सांध्यावर नजर टाका. एकाच फुलाचा अर्धा भाग विटकरी आणि अर्धा डाळिंबी दिसेल, पाकळीची कड दोऱ्याभराने सरकलेली दिसेल. दोन बायकांचा दोरा आणि दोन बायकांचा हात तिथे भेटलेला असतो. टाकेही सोपे नाहीत. बसमामध्ये लांब दोरा आडवा टाकून तो बारीक तिरक्या टाक्यांनी बांधत जायचं. युरमा म्हणजे आकड्याने घातलेली साखळी, आपल्याकडच्या आरी वर्कसारखी. हे शिकवणारी कुणीतरी असावी लागते.

गुप्त संदेशाचं म्हणाल, तर नक्षीला अर्थ नसतो असं नाही. बदाम, मिरची, सुरी हे आकार दृष्ट लागू नये म्हणून भरतात, आणि ते उघडपणे सांगतात. पण समरकंदच्या सुझनीवरचं मोठं गोल चक्र कुणी चंद्र मानतं, कुणी सूर्य, कुणी फूल. सगळीकडे चालेल असा एकच शब्दकोश नाही.

राहिली सोव्हिएत काळाची गोष्ट. लोकांना सक्तीने एका जागी वसवलं, कारखान्याचं कापड आणि यंत्रावरचं भरतकाम आलं, नुकसान झालंच. तरीही १९६० आणि १९७०च्या दशकांतले तुश कियिझ आजही आहेत, त्यांतल्या कित्येकांवर नाव आणि साल दोऱ्याने भरलेलं आहे. ताजिकिस्तानात कुलोब भागातलं चकन भरतकाम २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. नवरीचा पोशाख, उशा, पाळण्यावरची चादर यांवर ते आजही भरलं जातं.

खरी काळजी करायची तर किरगिझांच्या शिरदाक गालिच्याची करा. तो भरतकामाचा नाही, रंगीत नमद्याचे (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे) आकार कापून एकमेकांत बसवून शिवलेला असतो. आला-कियिझ आणि शिरदाक हे दोन्ही नमदे युनेस्कोने २०१२ मध्ये तातडीने जपायच्या यादीत घातले.