‘बेस नाही, घूं आवाज येतो’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला आणि सोबत टाकलेला टेबलाचा फोटोही मोठा करून पाहिला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गेमिंग कॉम्प्युटरसाठी १०,००० रुपयांत स्पीकर आणि अ‍ॅम्प मागितला, तर आम्ही ५.१ सेट (पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर) न देता ‘दोन साधे डबे’ गळ्यात मारले. त्यांना बेस नाही. गेम सुरू केला की घूं आवाज येतो. १,१०० रुपयांचा २४ व्होल्टचा अडॅप्टर उगीच घ्यायला लावला, कारण अ‍ॅम्प घरातल्या राउटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरही चालतो, आणि त्यावर घूं आवाजही येत नाही. पण नॉब अर्ध्यावर नेला की आवाज फाटतो, म्हणजे ५० वॉट लिहिलंय ते खोटं. आणि काउंटरवरच्या बाईंना गेमिंगमधलं काही कळत नाही.

बाई म्हणजे मीच. गेम मी खेळत नाही, हे बरोबर आहे. पण पुण्याच्या तापकीर गल्लीत बसून अ‍ॅम्प बरीच वर्षं उघडतेय, आणि तुम्ही इतकं तपशिलात लिहिलंय की तुमचा सेट न उघडताही निदान करता येतं.

आधी फोटो. डाव्या स्पीकरच्या मागे पांढऱ्या रेघेची वायर लाल टर्मिनलला लावलेली दिसते आणि उजव्याच्या मागे तीच काळ्याला. अ‍ॅम्पची मागची बाजू फोटोत नाही, पण तिथे दोन्ही वायरी सारख्याच लावल्या असतील तर तुमचा एक स्पीकर उलटा वाजतोय. एकाचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खालच्या सुरांची लाट लांब असते, १०० हर्ट्‌झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची. त्यापुढे तुमच्या दोन स्पीकरांमधलं अंतर काहीच नाही, म्हणून दोघं एकमेकांचा बेस खाऊन टाकतात. वरचे सूर तेवढे मरत नाहीत, त्यामुळे बोलणं ऐकू येतं, पण ते नक्की कुठून येतंय ते कळत नाही. गेममध्ये पावलांची दिशा लागत नाही असं तुम्ही लिहिलंय, त्याचं निम्मं कारण बहुधा हेच.

वायरी टेबलामागे गुंतल्या असतील तर सोपी युक्ती आहे. अ‍ॅम्प बंद करा, त्याच्याकडची वायरींची टोकं काढा आणि पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. रेघ नसलेल्या टोकाला सेलचा प्लस लावल्यावर दोन्ही स्पीकरांचे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट करा. याला पैसे लागत नाहीत. हे झाल्यावर स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणा. कोपऱ्यात सारले तर बेस वाढेल, पण घुमेल.

आता अडॅप्टर. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ चिप आहे. ५० वॉट हा आकडा चिपच्या कंपनीनेच दिलाय, पण तो २१ व्होल्टवर आणि ४ ओहमच्या स्पीकरला. तुमचे स्पीकर ६ ओहमचे आहेत. २४ व्होल्टवर एका बाजूला हिशेबाने ४८ वॉट बसतात, प्रत्यक्षात थोडे कमी. १२ व्होल्टवर हाच हिशेब १२ वॉटवर येतो, कारण व्होल्ट निम्मे झाले की ताकद पावपट होते. त्यातून राउटरचा अडॅप्टर बहुधा १ किंवा दीड अँपिअरचा असतो. १ अँपिअर म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून १२ वॉट, त्यातलेही काही चिपच खाणार. नॉब मात्र तेवढाच सिग्नल पुढे ढकलतो, मग अर्ध्यावर आवाज फाटणारच.

एरवी टेबलावर बसून ऐकायला तुम्हाला एक-दोन वॉटच लागतात. हे स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८६ डीबी (डेसिबल) देतात आणि तुम्ही त्याहून जवळ बसता. पण गेममध्ये एकदम स्फोट झाला आणि तो १० डीबी मोठा असला, तर त्या क्षणाला दहापट ताकद लागते. २४ व्होल्ट घ्यायला लावले ते त्या क्षणासाठी.

राहिला घूं आवाज. इथे तुमच्या रिव्ह्यूतलंच एक वाक्य कामाला आलं: राउटरच्या अडॅप्टरवर तो येत नाही. अ‍ॅम्पमध्ये दोष असता तर तो दोन्हीकडे आला असता. आम्ही दिलेला अडॅप्टर तीन पिनचा आहे आणि त्याचं मायनस अर्थिंगला जोडलेलं आहे. तुमच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएसही, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबाही, अर्थिंगला जोडलेला असतो. दोन्ही ऑक्सच्या (आवाज नेणाऱ्या) केबलने जोडले की अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण होतं आणि ग्राफिक्स कार्ड जोरात चालू लागलं की त्याचा खरखराट त्या वर्तुळातून स्पीकरमध्ये येतो. राउटरचा अडॅप्टर दोन पिनचा, म्हणून वर्तुळ तुटतं. खात्री करायची असेल तर २४ व्होल्टचाच अडॅप्टर ठेवा, ऑक्सची पिन कॉम्प्युटरमधून काढून चार्जिंगला न लावलेल्या मोबाइलमध्ये घाला. घूं गेला असेल.

उपाय म्हणजे ऑक्स केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हे वर्तुळ तोडणारी छोटी डबी, लावायचा. आमच्याकडे ३५० रुपयांना आहे, पण विकत घेऊ नका, आधी घरी नेऊन लावून बघा. स्वस्त आयसोलेटरमध्ये अगदी खालचा बेस जरासा कमी होतो, हेही आधीच सांगते. मदरबोर्डला ऑप्टिकल आउट असेल तर ऑप्टिकल डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी) लावणं उत्तम, कारण काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. पण तो खर्च पुढच्या दिवाळीला केला तरी चालेल. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी तोडू नका. अर्थिंग गेलं की कॅबिनेटवर एसएमपीएसच्या फिल्टरमधून शंभरएक व्होल्ट येऊन बसतात. हाताला झिणझिण्या येतात त्या यामुळेच, आणि आत काही बिघडलं तर झिणझिण्यांवर भागत नाही.

५.१ सेटबद्दल माझं मत तेच आहे. तुमच्या पैशांतले ६,२०० स्पीकरच्या जोडीला गेले, २,१०० अ‍ॅम्पला, १,१०० अडॅप्टरला आणि ३५० वायर-पिनांना, एकूण ९,७५०. याच पैशांत ५.१ घेतला तर पाच छोटे डबे, एक वूफर आणि अ‍ॅम्प, सगळ्यांना पैसे वाटले जाणार. मग त्या पाचांतल्या एकाच्याही वाट्याला धड ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला भाग) येत नाही. तुमच्या खोलीत खुर्चीच्या मागे लगेच पलंग आहे, मागचे दोन स्पीकर ठेवणार कुठे, हे मी दुकानातही विचारलं होतं. त्या ५.१ सेटवर मोठ्या अक्षरात छापलेले हजारो वॉट पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा होते. मागची पट्टी वाचली असतीत तर हा सेट भिंतीतून ६० वॉट घेतो हे दिसलं असतं.

तयार अ‍ॅम्पवाले पॉवर्ड स्पीकर मी नेहमी विकते. ज्याचं बजेट ५,००० आहे त्याला तेच देते, वेगळ्या अ‍ॅम्पच्या नादी लावत नाही. तुमचं बजेट त्याच्या पुढचं होतं, आणि वेगळा अ‍ॅम्प बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

गेमच्या सेटिंगचं आमच्या वर्कशॉपमधल्या मुलाला विचारलं, तो खेळतो. विंडोजमध्ये स्पीकर ‘स्टीरिओ’ ठेवा. ५.१ निवडलेलं राहिलं तर मधल्या स्पीकरचा आवाज, म्हणजे बरेचसे संवाद, नसलेल्या स्पीकरला जातात. व्हॅलोरंट गेममधलं एचआरटीएफ (आवाजाची दिशा भासवणारं सेटिंग) हेडफोनसाठी आहे, स्पीकरवर बंद करा. आणि रँक्ड, म्हणजे क्रमवारीचे सामने, खेळताना हेडफोनच घाला, स्पीकरवर पावलं हेडफोनइतकी कधीच कळणार नाहीत. हे शेवटचं मीही सांगू शकले असते.

वायर बदलूनही बेस आवडला नाही तर बिल आणि खोका घेऊन या, स्पीकर परत घेऊन त्याच किमतीचं दुसरं काही देईन. नुसत्या घूं आवाजासाठी येणार असाल तर स्पीकर आणू नका, अ‍ॅम्प आणि दोन्ही अडॅप्टर पुरेत. गाडी मंडईजवळ बाबू गेनूच्या पार्किंगला लावा, गल्लीत जागा मिळणार नाही. आणि शक्यतो दुपारी या, संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते आणि डेमो धड ऐकू येत नाही.