ओल तशीच ठेवून रंग कसला मारताय?

दर दिवाळीच्या तोंडावर हेच! आम्ही दोघं सुट्टी धरून बेडरूमच्या भिंतीचे पोपडे खरवडत असतो आणि जो येईल तो सांगतो, "दोन हात पुट्टी, दोन हात रंग. झालं काम."

अहो, काय झालं? पाणी आतून येतंय! बाहेरच्या प्लास्टरला भेग आहे. तिथून पावसाचं पाणी मुरतं, सिमेंट-विटांमधले क्षार विरघळवत आत येतं. पृष्ठभागावर पाणी सुकतं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात. तोच तो पांढरा लोणा. आणि तो रंगाला मागून ढकलतो. मग वर कितीही महागडा वॉटरप्रूफ रंग फासा, तो फुगणारच. आधी बाहेरची भेग बुजवा, भिंत पूर्ण सुकू द्या, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, मग प्रायमर, पुट्टी आणि रंग. नवीन प्लास्टर केलं तर त्यालाही साधारण २८ दिवस द्यावे लागतात. इतकी कसली घाई असते सगळ्यांना?

आणि सोसायटी! "तुमच्या घरातली भिंत, तुम्ही बघा." का बघू? राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थांच्या कारभाराच्या नमुना नियमांत, बाहेरून येणारी पावसाची गळती संस्थेने दुरुस्त करायची, असं सरळ लिहिलंय. तरी दर वर्षी अर्ज द्यायचा आणि दर वर्षी "पावसाळा संपू दे" ऐकायचं. संपला ना पावसाळा! आता बांधा परांची, पाठवा माणूस. हिने हौसेने रंगवलेली वारलीची पट्टी याच भिंतीवर होती. ती आज पुन्हा खरवडावी लागली.