लॉनला पाइप, मारवेलला खुरपं

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि आमच्या भागातल्या बागेच्या लॉनवर रोज पाइप सुरू असतो. मला हे अजिबात पटत नाही. पाण्याचा मुद्दा तर आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न असा की ही बाग नेमकी कशासाठी आहे?

बाग म्हटलं की आपल्याला कारंजं, घसरगुंडी आणि बाहेरची भेळेची गाडी आठवते. असू दे, मीही भेळ खायलाच जातो. पण जगातल्या चांगल्या वनस्पती उद्यानांत प्रत्येक रोपामागे रजिस्टर असतं: कुठल्या रानातून आणलं, कधी आणलं, बी किती झाडांवरून गोळा केलं. यातली शेवटची नोंद किरकोळ वाटते, पण खरी मेख तिथंच आहे. दक्षिण आफ्रिकेत १८९५ साली एन्सेफलार्टोस वुडी नावाचं सायकड, म्हणजे ताडासारखं दिसणारं झाड, सापडलं. एकच झाड, तेही नर. आज ते बऱ्याच देशांच्या बागांत आहे, पण सगळी रोपं त्याच एका झाडाच्या फुटव्यांची. मादी अजून सापडलेली नाही, म्हणून बी धरत नाही. झाड जगलं, वंश अडकला.

इंग्लंडच्या क्यू उद्यानाची वेकहर्स्टला बीजबँक आहे, २००० साली सुरू झालेली. तिथं बी कोरड्या हवेत वाळवून उणे २० अंशांत ठेवतात आणि अधूनमधून थोडं पेरून उगवण तपासतात. आंबा, फणस, जांभूळ यांना मात्र ही युक्ती चालत नाही. त्यांचं बी वाळलं की मेलं. त्यांना झाड म्हणूनच सांभाळावं लागतं, म्हणजे जमीन आणि माळी दोन्ही हवेत.

एवढ्या लांब कशाला जायचं? कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती वाढवल्यात. आपल्याकडेही केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहेच की. पिकासाठी विज्ञान चालतं, मग बागेसाठी का नको?

आणि सोलापूरने सांभाळायचं काय, तर माळरान. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी ही आपली गवतं. कुसळीचं बी कधी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. कुसळाचा पीळ सुटायला लागतो आणि बी हातावर फिरतं. मातीत पडलं की असंच फिरत फिरत स्वतःला रुतवून घेतं. पावसाची इतकी सवय असलेलं गवत दारात असताना आपण मेक्सिकन लॉनचे गालिचे विकत आणतो!

माळ म्हणजे पडीक, दिसला की झाडं लावा, ही समजूत जुनीच. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या माळावरही पूर्वी गिरिपुष्पाची झाडं लावली गेली, आणि माळढोक पक्ष्याला तर मोकळं गवताळ रान लागतं.

परवा बागेच्या कडेला आपसूक उगवलेला मारवेल माळीमामा खुरपत होते. म्हटलं, "मामा, राहू द्या की." तर म्हणाले, "साहेब बोलतेत ओ, रानगवत दिसलं की." मामांची चूक नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक मोठ्या बागेत लॉनपैकी दोन गुंठे आपल्या गवतांना द्या. पाट्या लावा. वनस्पतिशास्त्राच्या पोरांना फुलोरा कधी आला, बी कधी पिकलं, किती उगवलं, याच्या नोंदी ठेवायला लावा. यातल्या बऱ्याच गवतांचं ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने ठेवावं लागतं. नेमके किती, हे आपल्या मातीत पेरून बघितलं तरच कळेल. ती माहिती उद्या माळ सुधारणाऱ्याला फुकट मिळेल. तोवर लोकांना बसायला उरलेलं लॉन आहेच.

पावसाळा संपला की बी पिकतं. अभयारण्यात परवानगीशिवाय हात लावायचा नाही, पण शेताच्या बांधावर मारवेल भरपूर असतो. मालकाला विचारून घ्यायचं, एकाच ठोंबाचं न घेता दहा-वीस ठोंबांचं थोडं थोडं घ्यायचं, आणि कागदी पाकिटावर गाव नि तारीख लिहायची. ज्यांच्या बांधावर आहे त्यांनी मला सांगा, पाकिटं घेऊन मी येतो.