किलिकियाचं आर्मेनियन राज्य: फिरत्या मजकुरातलं खरं किती, खोटं किती

'क्रुसेडरांनी वसवलेलं, तीनशे वर्षं एकही तह न करता इस्लामशी लढलेलं, मंगोलांना ख्रिस्ती करणारं आणि 1375 मध्ये एका रात्रीत बुडालेलं राज्य' असा किलिकियाच्या (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या) आर्मेनियन राज्यावरचा मजकूर सध्या फिरतो आहे. भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा गप्प बसणं शक्य राहिलं नाही.

'क्रुसेडरांनी वसवलं' हे तारखांपुढेच टिकत नाही. 1064 मध्ये सेल्जुक तुर्कांनी आर्मेनियाची जुनी राजधानी आनी घेतली, 1071 मध्ये मान्झिकर्टला बायझंटाइन फौज हरली. दक्षिणेकडे सरकलेल्या आर्मेनियन सरदारांपैकी रुबेनने 1080 च्या सुमारास तौरसच्या डोंगरात बस्तान बसवलं. क्रुसेडर, म्हणजे धर्मयुद्धासाठी निघालेले युरोपीय ख्रिस्ती योद्धे, तिथे पोचले 1097 मध्ये. राजमुकुट पश्चिमेकडून आला, एवढं मान्य करायला हवं: जर्मन सम्राट सहाव्या हेन्रीने पाठवलेला मुकुट 6 जानेवारी 1198 ला (काही अभ्यासक 1199 धरतात) तार्ससमध्ये रुबेनच्या वंशातल्या लेवोनच्या डोक्यावर चढला. पण मुकुट कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राटानेही पाठवला होता. ते मात्र गाळलं आहे.

सगळ्यात घातक थाप 'एकही तह न करता' ही. रुबेनच्याच वंशातल्या म्लेहने 1170 च्या दशकात किलिकिया मिळवला तो सीरियाचा मुस्लिम सुलतान नूरुद्दीनच्या फौजेच्या जोरावर. लेवोनचं चिवट भांडण तर ख्रिस्त्यांशीच होतं. क्रुसेडरांच्या अँटिऑकहून किलिकियात जाणाऱ्या खिंडीवरचा बाग्रासचा किल्ला सलाहुद्दीनने 1188 मध्ये टेंपलरांकडून (ख्रिस्ती लढवय्या संन्याशांच्या पंथाकडून) घेतला आणि 1191 मध्ये सोडून दिला. लेवोनने तो बळकावला आणि टेंपलर मागत राहिले तरी वर्षानुवर्षं परत दिला नाही. पुढे अँटिऑकच्या गादीसाठी लढाई जुंपली, तेव्हा लेवोनविरुद्ध अँटिऑकच्या ख्रिस्ती राजपुत्राच्या, बोहेमंडच्या, मदतीला धावला हलबचा (अलेप्पोचा) मुस्लिम सुलतान.

आणि इजिप्तच्या मामलुक सुलतानांशी झालेला 1285 चा तह? सुलतान कलावूनच्या चिटणिसाने, इब्न अब्द अल-झाहिरने, त्याची कलमं लिहून ठेवली आहेत. मुदत 10 वर्षं, 10 महिने, 10 दिवस, 10 तास. वार्षिक खंडणी 10 लाख दिरहमची. अर्धी चांदीच्या नाण्यांत, उरलेली घोडे, खेचरं आणि लोखंडी नाल अशा मालात. व्यापाऱ्यांना वाट मोकळी, नवे किल्ले बांधायला मनाई. एवढं जाचक का कबूल केलं? 1266 मध्ये मारीच्या लढाईनंतर मामलुकांनी राजधानी सीस जाळली होती, आणि राज्याचा पैसा येत होता अयास बंदराच्या जकातीतून. रस्ते बंद झाले की जकात बंद. अशा तहांवर तग धरलेल्या राज्याला अखंड धर्मयुद्धाचा झेंडा चिकटवणं म्हणजे त्या लोकांची सगळी मुत्सद्देगिरी पुसून टाकणं.

मंगोलांबद्दल: राजा हेथुम 1254 मध्ये मंगोल सम्राट मोंगके खानाला भेटला, हे खरं. खानाच्या बाप्तिस्म्याची गोष्ट मात्र 1307 मधली. ती सांगणारा इतिहासकार कोरिकोसचा हेथुम (राजा हेथुम नव्हे) तेव्हा पोपला नव्या क्रुसेडसाठी वळवत होता. प्रवासाचं समकालीन वर्णन करणाऱ्या आर्मेनियन इतिहासकार किराकोसकडे ती नाही. त्याच 1307 मध्ये मंगोल सेनानी बिलार्घूने आर्मेनियाच्या तरुण राजाला ठार केलं.

'एका रात्रीत'ही नाही. 1292 मध्ये आर्मेनियन धर्मगुरूंचं पीठ ह्रोमक्ला मामलुकांकडे गेलं, 1337 मध्ये अयास कायमचं गेलं, सीस पडलं 1375 मध्ये. शेवटच्या राजाला कैरोत मारलं, असंही या मजकुराच्या एका प्रतीत जोडलं आहे. तेही खोटं: पाचवा लेवोन 1382 मध्ये सुटला आणि 1393 मध्ये पॅरिसमध्ये वारला.