विमानात हिस्सा घेताय? आधी वह्या मागा

परवा एकाचा मेसेज आला. नुकतंच पीपीएल (खाजगी पायलटचं लायसन्स) झालंय, एका सेस्ना १७२ मध्ये, म्हणजे चार सीटच्या छोट्या विमानात, आठवा हिस्सा मिळतोय, एकदम स्वस्तात, घेऊन टाकू का? मी उलट विचारलं, इंजिन फंडात किती पैसे आहेत? तर म्हणतो, तो काय असतो? म्हणून हे लांबलचक लिहायला बसलोय, ज्यांना विमानांशी घेणंदेणं नाही त्यांनी खुशाल स्क्रोल करा.

आधीच सांगतो, मी ग्रुपच्या, म्हणजे काही जणांनी मिळून एक विमान बाळगण्याच्या, बाजूचाच आहे. लायसन्स हातात आल्यावर दोनच रस्ते दिसतात, एक तर स्कूलचं विमान तासावर भाड्याने घ्या, जे शनिवार-रविवारी शिकणाऱ्यांनी आधीच बुक केलेलं असतं आणि दोन दिवस बाहेर न्यायचं म्हटलं की कमीत कमी इतक्या तासांचे पैसे भरा म्हणतात, नाहीतर स्वतःचं घ्या. स्वतःच्या विमानाचं दुखणं असं की हँगर, इन्शुरन्स, वार्षिक तपासणी हा खर्च तुम्ही वर्षात १० तास उडा नाहीतर २०० तास, तेवढाच येतो. वर्षाला तीस-चाळीस तास उडणाऱ्याने अख्खं विमान पोसणं म्हणजे शुद्ध हौस. तोच खर्च सहा-आठ जणांत वाटला की जमतं. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

कळत नाही ते हे की शेअरची किंमत ही खरी किंमत नसतेच. १७२ मध्ये किंवा पायपरच्या चेरोकीत साधारणपणे लायकमिंगचं इंजिन असतं, आणि अशा बऱ्याच इंजिनांना कंपनी ओव्हरहॉलसाठी (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्यासाठी) २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते, असं सांगते. खाजगी वापरात बऱ्याच ठिकाणी इंजिनाची तब्येत बघून त्याच्या पुढेही चालवू देतात, पण पुढे ढकललं म्हणून खर्च टळत नाही ना. आता साधा हिशोब करा. इंजिनाचे १५०० तास झालेत म्हणजे ओव्हरहॉलच्या खर्चाचा पाऊण भाग इंजिन फंडात, म्हणजे मेंबरांनी त्यासाठी बाजूला टाकत आणलेल्या पैशांत, पडलेला पाहिजे. तो नसेल तर ते १५०० तास जुने मेंबर स्वस्तात उडलेत आणि त्याचं बिल तुमच्या आठव्या हिश्श्यात येणार. जेवून उठले ते, आणि बिल यायच्या वेळी खुर्ची दिली तुम्हाला. तेव्हा स्वस्त शेअर दिसला की मला आधी फंड रिकामा असल्याचा वास येतो, आणि वास बहुतेक वेळा खरा निघतो.

दुसरी गंमत म्हणजे "फार कमी उडलेलं विमान आहे हो" हे जाहिरातीत कौतुकाने लिहितात. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) वरच्या अंगाला असतो, विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि वर ओलाव्याने गंज धरतो, मग गंजलेल्या भागाची झीज होऊन लोखंडाचा भुसा तेलातून फिल्टरमध्ये येतो. त्यात काही महाभाग उडायला वेळ नाही म्हणून महिन्यातून एकदा जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन चालवून ठेवतात, त्याने तेल पुरेसं तापत नाही, आतलं पाणी उडून जात नाही, उलट भर पडते. मला विचाराल तर मी आठवड्याला तीन-चार तास उडणारं, रंग उडालेलं विमान घेईन, नवीन पेंट मारून उभं ठेवलेलं नाही.

मीटरचं राजकारण तर वेगळंच. तास हॉब्स मीटरवर मोजत असतील तर इंजिन चालू झाल्यापासून पैसे पडतात, मग लोक वॉर्मअप आणि रन-अप (टेकऑफआधीची इंजिनाची चाचणी) घाईत उरकतात. टॅकोवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या मीटरवर, मोजत असतील तर कमी आरपीएमला मीटर हळू फिरतो, मग टॅक्सी करताना (विमान जमिनीवरून चालवत नेताना) कुणाला घाई नसते. इंधन धरून रेट असेल तर मिक्श्चर लीन करायची (हवेच्या मानाने इंधन कमी करायची) आठवण कुणाला येत नाही, इंधन ज्याचं त्याने भरायचं असेल तर सगळे एकदम शिस्तीत लीन करतात. मी पण केलंय हे, सोवळं कशाला आणू. पण यावरून एक कळतं की नियम कागदावर नसतील तर बारभाई कारभार होतो. शेवटच्याने टाकी कुठपर्यंत भरून ठेवायची हे सुद्धा ठरलेलं पाहिजे, कारण १७२ मध्ये चौघं मोठी माणसं आणि फुल टाकी हे बहुतेक वेळा वजनात बसत नाही, आणि भरलेलं इंधन काढणं म्हणजे डोक्याला ताप.

आता माझं स्वतःचं. माझ्या पहिल्या ग्रुपात आम्ही सहा जण होतो. एका रविवारी सकाळी विमानाभोवती फेरी मारताना बघितलं तर नोज व्हीलचा स्ट्रट (धक्के झेलणारा पाय) पार बसलेला. खाली वाकून बघितलं तर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) खालच्या पत्र्याला सुरकुत्या. टेक लॉग (फ्लाइट आणि बिघाड लिहायची वही) उघडला, आदल्या फ्लाइटसमोर व्यवस्थित अक्षरात "डिफेक्ट नाही". कुणीतरी नाकावर आपटलं होतं आणि झाकून निघून गेलं होतं. प्रोपेलर जमिनीला लागला असता तर इंजिन उघडून तपासावं लागतं, आणि हे माहीत नसलेला पुढचा माणूस बायको-पोरांना घेऊन त्यातच बसला असता. विमान काही महिने जमिनीवर, इन्शुरन्समधला आपल्या खिशातून भरायचा भाग सहा जणांत वाटला, भांडणं झाली ती वेगळीच.

नंतर ज्याने केलं त्याने स्वतःच कबूल केलं. अगदी सज्जन माणूस, चेकलिस्टमधली ओळ न् ओळ वाचणारा. का नाही लिहिलंस विचारलं तर म्हणाला, मागच्या वर्षी अमक्याने ब्रेक जोरात दाबून टायर घासून चपटा केला आणि इमानदारीत लॉगमध्ये लिहिलं, त्याची तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर तीन महिने टिंगल केलीत. खरं होतं. हसून डोळ्यात पाणी आलेला एक इमोजी माझाही होता त्यात.

तेव्हापासून कुठलाही ग्रुप बघायला गेलो की मी विमान शेवटी बघतो. आधी टेक लॉग मागतो. त्यात बारीकसारीक तक्रारी लिहिलेल्या दिसल्या, लँडिंग लाइट गेला, डावा ब्रेक मऊ लागतोय, रेडिओ खरखरतो, आणि शेजारी दुरुस्तीची तारीख आणि सही, तर जीव भांड्यात पडतो. पानंच्या पानं कोरी असतील तर जुनं विमान इतकं निरोगी कसं हा प्रश्न मला पडतो. मग इंजिन लॉगबुक, कॉम्प्रेशनचे आकडे (सिलिंडर किती दाब धरतात ते), दोन-तीन वर्षांचा जमाखर्च, बाहेर पडायचं तर शेअर कोण घेणार आणि तोपर्यंत वर्गणी चालू राहणार का, हे. शेवटच्या मुद्द्यावर लोक कॉन्ट्रॅक्ट वाचतच नाहीत आणि मग गिऱ्हाईक मिळेपर्यंत न उडता महिनोन्महिने पैसे भरत बसतात. आणि हो, बरेच दिवस न उडलेल्याने आधी दुसऱ्या मेंबरला सोबत घेऊन एक चक्कर मारायची असा नियम असेल तर त्या ग्रुपला माझ्याकडून जादा मार्क. ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंग हा पॅसेंजर नेण्यासाठीचा नेहमीचा नियम झाला, हात बसलेला राहायला ते पुरत नाही.

तर मेसेजवाल्याला मी हेच सगळं थोडक्यात सांगितलं. काल त्याचा परत मेसेज. त्याने लॉगबुक आणि हिशोब मागितला तर समोरून उत्तर आलं, "आमच्याकडे सगळं विश्वासावर चालतं." मी म्हटलं ठीक आहे, मग त्यांना एवढंच विचार, आत लोखंडाचा भुसा आहे का हे बघायला ऑइल फिल्टर कापून शेवटचा कुणी बघितला होता आणि कधी. अजून टायपिंग टायपिंगच दिसतंय म्हणे.