सोळा आण्यांतले नऊ आणे

आईचं म्हणणं एकच होतं: लग्नाला काळी चौकट नको.

निमित्त झालं नव्या टीव्हीचं. बाबांनी ४३ इंची टीव्ही घेतला आणि त्यावर पहिलं काय लावायचं यावर घरात कधी नव्हे ते एकमत झालं: ताईच्या लग्नाची डीव्हीडी. लग्न २००५ सालचं, सांगलीचं. डीव्हीडी प्लेयर माळ्यावरून खाली आला, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी सापडल्या (आमच्याकडे चार्जर हरवतात, या वायरी कधीच नाही) आणि पडद्यावर गणपतीबाप्पा अवतरले. पण चारी बाजूंनी काळं. वर पट्टी, खाली पट्टी, डावीकडे-उजवीकडेही पट्टी आणि मधोमध हार घालून ताई आणि भावोजी. पेपरात 'प्रथम पुण्यस्मरण' छापतात ना, थेट तसं. आईने आधी टीव्ही बंद करायला लावला, मग देवापुढे दिवा लावला.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांनी टेप आणली. पडदा ९५ बाय ५३ सेंटीमीटर, चित्र ७१ बाय ४०. म्हणजे रुंदी पाऊण, उंचीही पाऊण. पाऊण गुणिले पाऊण, नऊ सोळांश. "टीव्ही सोळा आणे घेतला," ते म्हणाले, "आणि लग्न नऊ आण्यांत उरकलंय."

मी 'कॉम्प्युटरमधला' असल्यामुळे उरलेले सात आणे वसूल करण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरी कॉम्प्युटरमध्ये गॅस बुकिंग, आधार अपडेट आणि आत्याच्या मोबाइलचा आवाज, एवढं सगळं येतं.

पहिला उपाय रिमोटवरच होता. एक बटण दाबलं तर चित्र आडवं ताणलं गेलं. बाजूच्या पट्ट्या गेल्या, पण वऱ्हाड एक तृतीयांशाने रुंद झालं. बाबांना चाललं. मला वाटतं बहुतेक माणसांना चालतं. स्वतःचे नातेवाईक जाड दिसलेले परवडतात, विकत घेतलेला पडदा रिकामा दिसलेला परवडत नाही. आत्याला मात्र नाही चाललं, कारण ती त्या लग्नासाठी मुद्दाम बारीक झाली होती.

दुसरं बटण झूमचं. यात चित्र चहूकडून सारखं वाढतं आणि हिशेबाने पडदा तंतोतंत भरतो. भरलाही. सगळे खूश होणार तेवढ्यात काका म्हणाले, "नावं कुठायत?" व्हिडिओवाल्याने प्रत्येक नातेवाइकाचं नाव पिवळ्या अक्षरांत खालच्या काळ्या पट्टीवर टाकलं होतं. झूम केल्यावर पट्टी पडद्याखाली गेली आणि काठाशी फक्त शिरोरेषा उरली. काका, काकू, दोन्हीकडचे आजोबा, सगळे एका पिवळ्या रेघेत आले. आमच्या घराण्यात एवढी एकी कधी दिसली नव्हती.

आता या पट्ट्या आल्या कुठून? तेव्हा घरोघरी टीव्ही ४:३ चा (रुंदी चार तर उंची तीन), म्हणजे जवळपास चौकोनीच. सिनेमे मात्र आडवे. अमेरिकेत घरात टीव्ही आला आणि लोक थेटरात जाईनात, म्हणून १९५३ मध्ये सिनेमास्कोप काढून सिनेमावाल्यांनी पडदा लांबवला. पुढे तेच लांबोडके सिनेमे टीव्हीवर आले तेव्हा वर-खाली काळ्या पट्ट्या घालून बसवावे लागले. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की पट्टी असली की ते पिक्चर. आमच्या व्हिडिओवाल्याने हेच हेरलं. त्याने साध्या कॅमेऱ्याने चौकोनी शूटिंग केलं, एडिटिंगला वर-खाली काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि 'सिनेमास्कोप इफेक्ट' म्हणून बिलात वेगळी रक्कम लावली. बाबांनी ती घासाघीस न करता दिली होती, हे मी त्यांना आठवून दिलं नाही.

नव्या टीव्हीचा १६:९ हा आकारही मोठा मजेशीर. १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने प्रचलित सगळ्या आकारांचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत घेऊन एकावर एक ठेवले आणि ज्यात सगळे मावतील असा आयत शोधला. तो निघाला साधारण १६:९. जुन्या टीव्हीपेक्षा लांब, सिनेमास्कोपपेक्षा आखूड. कुणाचाच नाही आणि म्हणून सगळ्यांना मान्य. त्यात आमची तबकडी टीव्हीला सांगते, मी ४:३ ची. टीव्ही गुणी, तो डावी-उजवीकडे आणखी दोन पट्ट्या घालतो. वर-खाली आधीच दोन आहेत हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याच्या लेखी काळा रंग हेही चित्रच.

तर काम असं होतं: काळं कापायचं, उरलेलं १६:९ मध्ये बसवायचं आणि पेनड्राइव्हवर घालून द्यायचं. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खण नाही. हल्ली कुणाच्याच नसतो. यूएसबीला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह मागवला. तबकडी आत गेली आणि सप्तपदीपाशी कर्र कर्र करू लागली. आईने टूथपेस्ट सुचवली. मी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, आणि मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात आईने टूथपेस्ट लावलीच. तबकडी चालली. यश कुणाचं यावर अजून वाद आहे.

पुढचं काम हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरचं. ते फिल्ममधून मधूनमधून काही चित्रं उचलतं, काळं कुठवर आहे ते पाहतं आणि कापायचं माप स्वतःच ठरवतं. आमच्या तबकडीवर एकाखाली एक ५७६ आडव्या रेषा, त्यांतल्या लग्नाच्या ४३२, म्हणजे वर ७२ आणि खाली ७२ कापायच्या. वरचं माप त्याने बरोबर काढलं. खाली मात्र पिवळी नावं आडवी आली. नाव दिसलं की त्याला वाटायचं, इथे चित्र आहे, कापू नये. आमच्या नातेवाइकांशी इतक्या अदबीने वागणारं हे पहिलंच यंत्र. शेवटी ७२ चा आकडा मीच हाताने घातला.

अक्षतांचं मात्र काही करता आलं नाही. डीव्हीडीतलं चित्र साठवताना मागच्या-पुढच्या चौकटीत जे सारखं असतं ते पुन्हा साठवत नाहीत, बदल तेवढा साठवतात. मंगलाष्टकं चालू आहेत, गुरुजी स्थिर, मंडप स्थिर, सगळं छान. आणि 'शुभमंगल सावधान' झालं की एकदम हजारभर दाणे हवेत. एकही दाणा आधीच्या जागी नाही. बिचाऱ्या तबकडीचा हिशेब कोलमडतो आणि ताईच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात. दर कडव्याला ताई फुटते आणि 'कुर्यात सदा मंगलम्' होईतो पुन्हा जुळते.

खरी लढाई नावांची. जुनी पट्टी कापली म्हणजे नावं नव्याने चित्रावर टाकायची. रविवारी सगळ्यांना बोलावलं, यादी काढली. आणि लक्षात आलं की वीस वर्षांत यादी जुनी झाली होती. 'चि.' म्हणून लिहिलेला पोरगा आता दातांचा डॉक्टर. त्याच्या आईला 'डॉ.' हवं होतं. मी म्हटलं, "काकू, यात तो चड्डीत आहे, नाक ओढतोय." काकू म्हणाल्या, "मग काय झालं? झाला ना पुढे?" काकांना 'निवृत्त शाखाधिकारी' हवं होतं, पण लग्नात ते नोकरीत होते, बाबांनी 'तत्कालीन' असा सरकारी तोडगा काढला. भावोजींच्या धाकट्या भावाचं तेव्हा ठरलेलं लग्न पुढे मोडलं. ती मुलगी प्रत्येक पंगतीत वाढताना दिसते आणि पट्टीवर तिचं नाव भावी नात्यासकट छापलेलं. सगळे एकदम पोह्यांत लक्ष घालून बसले. शेवटी आत्या म्हणाली, "तिच्या वेळी गाणं मोठं कर, नाव नको."

पेनड्राइव्ह लागला, पडदा काठोकाठ भरला. खरं सांगायचं तर चित्र आधीपेक्षा फुसकं दिसत होतं. तीन लाख ठिपक्यांचं लग्न ८३ लाख ठिपक्यांच्या पडद्यावर पसरलेलं, म्हणजे मूळच्या एका ठिपक्याला २७ ठिकाणी हजेरी लावायची. हे कुणाला दिसलं नाही. काळं गेलं, आईने टीव्हीला हळदकुंकू लावलं, विषय संपला.

फक्त मामा गप्प होते. मामा सहा फूट दोन इंच. कोल्हापुरी फेटा बांधून मुलीमागे उभे होते आणि मंगलाष्टकं चालू असताना पूर्ण वेळ ते पडद्यावर भुवयांपर्यंतच आहेत. "आता पट्टी काढलीस ना, मग फेटा का नाही दिसत?" मी समजावलं, की व्हिडिओवाल्याने पट्टी चित्रावर चिकटवली, पट्टीखालचं चित्र तिथेच गेलं, मूळ कॅसेट त्याने पुढच्या लग्नाला वापरली. मामांना पटेना. "कापलेलं टाकून दिलंस का? बघ, त्यात असेल."

यावर काकूंच्या डॉक्टर मुलाने मोबाइल काढला. मामांची ती चौकट एआयच्या कुठल्याशा अॅपला दिली आणि सांगितलं, वरचा भाग पुरा कर. मिनिटभरात मामांना कपाळ आलं, फेटा आला, भरघोस तुराही आला. फेटा अस्सल जोधपुरी, आणि मागे सांगलीच्या कार्यालयाला राजवाड्याची कमान.

मामांनी चष्मा लावून, मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"हाच होता," ते म्हणाले. "फ्रेम करून आण. काळी नको."